अनवस्थेचा अमेरिकी प्रवास

सन १८६८ मध्ये अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात दोन गोष्टी घडल्या. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात शिकवणारे स्कॉटिश प्राध्यापक जेम्स मॅकॉश अटलांटिक ओलांडून आले आणि प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्ष झाले. काही सत्ये मनाला थेट पटतात, त्यांना पुरावा लागत नाही आणि बाकीचे सारे ज्ञान त्यांच्यावर उभे असते, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते. त्याच वर्षी मिसिसिपीच्या काठच्या सेंट लुईस शहरातून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ स्पेक्युलेटिव्ह फिलॉसॉफी’ या त्रैमासिकात चार्ल्स सँडर्स पर्स या तरुणाचे दोन लेख छापून आले. तिशीही न गाठलेले पर्स किनारा-सर्वेक्षणाच्या सरकारी खात्यात नोकरीला होते. त्यांचे म्हणणे असे की, आधीच्या कुठल्याच ज्ञानावर न टेकलेले, निखळ पहिले असे ज्ञान माणसाजवळ नाहीच. मॅकॉश वीस वर्षे अध्यक्षपदी राहून मानाने निवृत्त झाले. पर्स यांच्या लेखांकडे मोजक्यांचेच लक्ष गेले. पण पुढे दीडशे वर्षे अमेरिकी ज्ञानमीमांसेत जो वाद गाजला, त्याच्या दोन्ही बाजू त्या एका सालात समोरासमोर आलेल्या दिसतात. आज त्यांना आधारवाद आणि सुसंगतिवाद म्हणतात.

वाद अर्थात त्याहून फार जुना आहे. आपण काही खरे मानतो. समोरचा विचारतो, कशावरून? आपण कारण सांगतो. तो पुन्हा विचारतो, आणि हे कशावरून? या प्रश्नमालिकेचे तीनच शेवट संभवतात. कुठेतरी थांबायचे आणि ‘याला कारण लागत नाही’ म्हणायचे; फिरून पहिल्याच गोष्टीवर यायचे; नाहीतर थांबायचेच नाही. ॲरिस्टॉटलने हे तिन्ही रस्ते ओळखले होते आणि त्यातला पहिला पत्करला. पुढे अग्रिप्पा नावाच्या संशयवाद्याने तिन्ही वाटा बंद असल्याचे सांगितले. त्याची मांडणी सेक्स्टस एम्पिरिकसच्या ग्रंथातून टिकली. आपल्याकडे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हाच पेच न्यायदर्शनाच्या पंडितांपुढे, म्हणजे नैयायिकांपुढे, टाकला. प्रमेय, म्हणजे जाणायची गोष्ट, प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, सिद्ध होते, तर प्रमाण कशाने? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी मालिका. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातले उत्तर तराजूचे आहे: ज्याने सोने तोलायचे तो तराजूच वेळ पडली तर माहीत असलेल्या वजनाच्या सोन्याने पारखता येतो. एकच गोष्ट कधी प्रमाण, कधी प्रमेय. सातव्या शतकात कुमारिल भट्टाने तर ओझेच उलट बाजूला टाकले. ज्ञान मुळातच प्रमाण असते; बाधक, म्हणजे ते खोटे ठरवणारे काही, पुढे आले तरच ते सोडायचे. या दोन उत्तरांचा अमेरिकेतल्या बहुतेक वादपटूंना पत्ताही नव्हता. त्यांची आठवण मात्र आपण पुढे ठेवू.

अमेरिकेत आधारवाद आला तो स्कॉटलंडहून, आणि आला तो धर्मोपदेशकाच्या सामानातून. सन १७६८ मध्ये, म्हणजे मॅकॉश यांच्या बरोबर शंभर वर्षे आधी, पेझलीचे पाद्री जॉन विदरस्पून त्याच प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्ष म्हणून आले. देकार्तने १६४१ मध्ये सगळ्यावर संशय घेऊन ‘मी विचार करतो’ एवढा एकच खडक शिल्लक ठेवला होता. टॉमस रीड आणि त्यांच्या स्कॉटिश अनुयायांना हा खडक फार अरुंद वाटला. बाह्य जग आहे, स्मरणशक्तीवर साधारणपणे भरवसा ठेवता येतो, इतर माणसांनाही मन असते, या गोष्टी सामान्यबुद्धीला आपोआप पटतात. त्यांनाच पाया माना, असे त्यांचे म्हणणे. विदरस्पून यांच्या विद्यार्थ्यांत जेम्स मॅडिसन होते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत विदरस्पून हे एकमेव कार्यरत धर्मोपदेशक. हा जाहीरनामाही काही सत्ये स्वयंसिद्ध मानतो आणि तिथून भूमितीच्या थाटात निष्कर्षाकडे जातो. राष्ट्राचा जन्मदाखलाच आधारवादाच्या शैलीत लिहिलेला असा देश दुसरा शोधून सापडणार नाही. त्या पुढच्या शतकात अमेरिकी कॉलेजांतून हेच तत्त्वज्ञान शिकवले गेले. पाठ्यपुस्तके बदलली, पाया तोच राहिला.

पर्स यांनी त्याच्यावर कुदळ चालवली. डोळ्याच्या पडद्यावर एक आंधळा ठिपका असतो, पण आपल्याला दृश्यात भोक कधी दिसत नाही. म्हणजे जे ‘थेट दिसते’ असे आपण म्हणतो त्यातही मनाने भर घातलेली असते. मग कुठले ज्ञान थेट आणि कुठले अनुमानाने आले, हे नुसते आत डोकावून कळणार कसे? प्रत्येक ज्ञान आधीच्या ज्ञानाने घडते, तर मालिका अनंत होईल, या आक्षेपालाही त्यांनी उत्तर दिले. टोक खाली करून त्रिकोण पाण्यात बुडवत गेले, तर पाण्याची रेघ त्याच्यावर अगणित ठिकाणी पडते. पहिली रेघ कोणती हे सांगता येत नाही, तरी बुडवण्याची क्रिया मात्र काही क्षणांत पुरी होते. दुसऱ्या लेखात त्यांनी सुचवले की तत्त्वज्ञानातला युक्तिवाद साखळीसारखा नसावा, कारण साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की. तो दोरासारखा असावा: धागे बारीक असेनात, पण पुष्कळ आणि एकमेकांत वळलेले. सुसंगतिवादाचे सगळे सामर्थ्य या एका प्रतिमेत आहे. तिच्या कर्त्याला मात्र १८८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली नोकरी गमवावी लागली, आणि १९१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्डजवळ दारिद्र्यात त्याचा अंत झाला. हस्तलिखितांचे ढीग पत्नीने हार्वर्डला दिले.

पर्स यांना छापणारे सेंट लुईसचे लोक स्वतः हेगेलचे भक्त होते. शाळाखात्यातले विल्यम टॉरी हॅरिस संपादक, आणि त्यांचे गुरू हेन्री ब्रॉकमायर हे जर्मनीतून आलेले, लोखंडाच्या ओतशाळेत घाम गाळलेले गृहस्थ, जे पुढे मिसूरी राज्याचे उपराज्यपाल झाले. सत्य म्हणजे पूर्ण व्यवस्था, सुटे विधान नेहमीच अर्धवट, ही हेगेलची शिकवण या मंडळींनी जोपासली. तीच जोसाया रॉइस यांच्या रूपाने हार्वर्डला पोचली. विचारालाच वास्तवाचे मूळ मानणाऱ्या या चिद्वादी वळणाचा शेवटचा मोठा शिलेदार ब्रँड ब्लॅन्शार्ड. ओहायोत जन्मलेले ब्लॅन्शार्ड ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. पहिल्या महायुद्धात ‘वायएमसीए’च्या कामासाठी त्यांची रवानगी मुंबईला झाली होती, हे मराठी वाचकासाठी नोंदवून ठेवावे. १९३९ मध्ये त्यांचा ‘द नेचर ऑफ थॉट’ हा द्विखंडी ग्रंथ निघाला. एकेक विधान दुसऱ्या प्रत्येकाला बांधलेले, अशी संपूर्ण व्यवस्था हाच सत्याचा निकष आणि हेच त्याचे स्वरूप, असे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. तोवर हवा पालटली होती. ब्लॅन्शार्ड पंचाण्णव वर्षे जगले, आणि त्यातला बराच काळ आपला पक्ष जवळजवळ एकट्याने लढवत राहिले.

हवा पालटली ती मुख्यतः क्लॅरेन्स अर्व्हिंग लुईस यांच्यामुळे. हे रॉइस यांचे विद्यार्थी. बर्कलीला नऊ वर्षे शिकवून १९२० मध्ये ते हार्वर्डला परतले, तेव्हा पर्स यांच्या त्या कागदांची देखभाल त्यांच्याकडे आली आणि सुमारे दोन वर्षे ते त्या ढिगाऱ्याच्या सहवासात राहिले. पायाला नकार देणाऱ्या माणसाचे कागद ज्यांनी चाळले, तेच विसाव्या शतकातले अमेरिकेचे सर्वांत मोठे आधारवादी ठरले. त्यांचे दाखले साधे असत. हार्वर्डच्या इमर्सन हॉलच्या दगडी पायऱ्या उतरताना ‘समोर पायऱ्या आहेत’ हे माझे म्हणणे चुकू शकते. पण ‘मला पायऱ्यांसारखे काही दिसते आहे’ हे कसे चुकेल? अनुभवातून थेट हाती येणाऱ्या या भागाला त्यांनी ‘प्रदत्त’ म्हटले. १९२९ च्या आणि १९४६ च्या ग्रंथांत त्यांची भूमिका अशी की, काहीतरी निश्चित असल्यावाचून काहीच संभाव्यही ठरत नाही. पण १९४६ च्याच ग्रंथात स्मृतीवर लिहिताना ते साक्षीदारांचे उदाहरण देतात. काही साक्षीदार, एकही विशेष भरवशाचा नाही, एकमेकांशी संगनमत नाही, तरी सगळ्यांची हकीकत जुळते. मग ती खरी असण्याची शक्यता एकदम वाढते. सुसंगतीच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद कुठल्या सुसंगतिवाद्यालाही तोवर सुचला नव्हता. तो मिळाला आधारवाद्याच्या दप्तरातून.

दरम्यान हाच सामना व्हिएन्नात होऊन गेला होता. १९३४ मध्ये मोरिट्झ श्लिक यांनी ज्ञानाच्या पायावर निबंध लिहिला. ओटो नॉयराट यांचे उत्तर तयारच होते: आपण भर समुद्रातले खलाशी, गलबत गोदीत न नेता चालत्या प्रवासातच त्याच्या फळ्या बदलायच्या. १९३६ मध्ये श्लिक यांचा विद्यापीठाच्या जिन्यावर खून झाला. व्हिएन्ना-बर्लिनची ही तार्किक अनुभववादी मंडळी, बरीचशी नाझींच्या धास्तीने, त्या दशकात पांगली. हर्बर्ट फायग्ल आयोवामार्गे मिनेसोटाला, कार्नाप शिकागोला, राइशेनबाख इस्तंबूलमार्गे लॉस एंजेलिसला पोचले. नॉयराट इंग्लंडात वारले, पण त्यांचे गलबत अमेरिकेला लागले. हार्वर्डचे विलर्ड क्वाइन यांनी १९६० च्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’च्या दर्शनी त्याच उताऱ्याला जागा दिली. त्याआधी, जानेवारी १९५१ मध्ये, क्वाइन यांचा अनुभववादाच्या दोन अंधश्रद्धांवरचा निबंध निघाला होता. आपली विधाने एकेकटी अनुभवाला सामोरी जात नाहीत, सगळी मिळून जातात, हे त्याचे मुख्य सूत्र. क्वाइन हे लुईस यांचे विद्यार्थी आणि आता सहकारी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या अधिवेशनात लुईस, राइशेनबाख आणि नेल्सन गुडमन यांचा परिसंवाद झाला. लुईस प्रदत्ताच्या निश्चिततेसाठी बोलले; बाकीच्या दोघांनी ती नाकारली. गुडमन हेही हार्वर्डचेच, एकेकाळी बॉस्टनमध्ये चित्रदालन चालवणारे. लुईस यांच्या घराण्यातच बंड झाले होते.

बंडाला नाव दिले विल्फ्रिड सेलर्स यांनी. फायग्ल यांच्या मिनेसोटात ते सहकारी होते, आणि १९५६ मध्ये त्यांनी लंडनला तीन व्याख्याने दिली. प्रदत्त ही एक दंतकथा आहे, असे त्यात त्यांनी जाहीर केले. त्यांचे उदाहरण टायच्या दुकानातले. जॉन हा विक्रेता नव्या विजेच्या दिव्याखाली टाय पाहून ‘हिरवा’ म्हणतो. गिऱ्हाइकासह बाहेर उजेडात आल्यावर तो निळा निघतो. हळूहळू जॉन आत असताना ‘हिरवा दिसतो’ म्हणायला शिकतो. म्हणजे ‘दिसतो’ ही भाषा ‘आहे’ या भाषेच्या नंतरची. ज्याला रंग, उजेड आणि पाहण्याच्या परिस्थितीविषयी पुष्कळ काही ठाऊक आहे त्यालाच ती बोलता येते. इमर्सन हॉलच्या पायऱ्यांखालचा पाया असा निसटला. पण सेलर्स यांना नुसते वर्तुळही नको होते. एकीकडे कासवावर उभा हत्ती, मग कासव कशावर. दुसरीकडे स्वतःची शेपूट तोंडात धरलेला हेगेलचा सर्प, मग सुरुवात कुठे. दोन्ही चित्रे त्यांना निरुपयोगी वाटली. हत्ती-कासवाची ही कथा लॉक यांच्या ग्रंथापासून ‘भारतीय तत्त्वज्ञा’च्या नावावर पाश्चात्त्य पुस्तकांत फिरते आहे. ज्या देशातल्या शास्त्रकारांनी अनवस्था, अन्योन्याश्रय (दोन गोष्टी एकमेकींवर टेकणे) आणि चक्रक (फिरून पहिल्यावर येणे) असे दोषांचे नेमके वर्गीकरण करून ठेवले, त्याच्या वाट्याला तिकडे एक कासव तेवढे आले, याचे हसू येते.

आता आपण डेट्रॉइटला येतो. तिथल्या वेन स्टेट विद्यापीठातल्या एडमंड गेटियर यांना नोकरी कायम होण्यासाठी काहीतरी छापणे भाग होते. १९६३ मध्ये त्यांनी तीन पानांचा लेख प्रसिद्ध केला: धारणा खरी आहे, तिला समर्थनही आहे, तरी ते ज्ञान नव्हे, असे घडू शकते. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त मिटलेल्या मुठीतल्या कवड्यांचा अचूक निघालेला अंदाज याच कामी वापरला होता, पण ते असो. गेटियर यांनी नंतर जवळजवळ काहीच लिहिले नाही. त्यांच्या तीन पानांनी मात्र ‘समर्थन’ हा शब्द साऱ्या अमेरिकी विभागांच्या टेबलावर आणून ठेवला. त्याच विभागात त्या काळी कीथ लेहरर आणि ॲल्विन प्लँटिंगा होते. लेहरर १९७४ च्या ‘नॉलेज’ या पुस्तकातून सुसंगतिवादाचे वकील झाले. प्लँटिंगा पुढे असे म्हणाले की, ईश्वरावरची श्रद्धाही पायाच्या दगडांत बसू शकते. मॅकॉश असते तर त्यांना बरे वाटले असते.

लेहरर यांनी डॉक्टरेट केली ती ब्राउन विद्यापीठात रॉडरिक चिझम यांच्याकडे, आणि चिझम हे कट्टर आधारवादी, हार्वर्डमध्ये लुईस यांच्या हाताखालून गेलेले. व्याख्या मांडायची, तिला अपवाद सापडला की किंचित बदलायची, पुन्हा अपवाद, पुन्हा बदल, अशी त्यांची पद्धत होती; तत्त्वज्ञांच्या एका विनोदी कोशात त्यांच्या आडनावाचे त्या अर्थी क्रियापदच झाले. त्यांचे ‘थिअरी ऑफ नॉलेज’ १९६६, १९७७ आणि १९८९ अशा तीन आवृत्त्यांत निघाले, आणि प्रत्येक आवृत्तीत पाया थोडा हलवलेला होता. त्यांचेच ब्राउनमधले सहकारी, मूळचे क्यूबाचे अर्नेस्ट सोसा यांनी १९८० मध्ये ‘तराफा आणि पिरॅमिड’ नावाचा लेख लिहिला. तराफा म्हणजे सुसंगतिवाद, पिरॅमिड म्हणजे आधारवाद; दोन्ही चित्रांत काहीतरी राहून जाते, जाणणाऱ्या माणसाच्या बौद्धिक गुणांकडे पाहा, असे त्यांनी सुचवले. त्यातून एक वेगळाच पंथ निघाला.

सुसंगतिवादाची सर्वांत भक्कम इमारत लॉरेन्स बॉन्जूर यांची. प्रिन्स्टनला रिचर्ड रॉर्टी यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून ते पुढे सिॲटलला शिकवत. १९८५ च्या ‘द स्ट्रक्चर ऑफ एम्पिरिकल नॉलेज’मध्ये त्यांनी प्रदत्ताला कात्रीत पकडले. अनुभवात काही विधान दडलेले असेल, तर ते विधान कशावरून खरे हा प्रश्न उरतोच. विधान नसेल, तर त्यातून समर्थन कसे मिळेल? मग आधार कोणता? सगळ्या धारणांची परस्परसंगती, आणि तीही दीर्घकाळ टिकलेली, मनात आपोआप उमटणाऱ्या निरीक्षणांना जागा देणारी. डोनाल्ड डेव्हिडसन यांनीही १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात धारणेला कारण फक्त दुसरी धारणाच होऊ शकते असे मांडले होते, जरी चारच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या मताला सुसंगतीचा सिद्धांत म्हटल्याबद्दल खेद दाखवला. आक्षेप जुनेच होते आणि मोठे होते. उत्तम कादंबरीही सुसंगत असते. जगापासून तुटलेल्या, पण आतून चोख जुळलेल्या व्यवस्था कितीही रचता येतील. आणि माझ्या सगळ्या धारणा कोणत्या, हे मला कळते ते तरी कशावरून? या तिसऱ्या प्रश्नाने बॉन्जूर यांना पोखरले. १९९९ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी सुसंगतिवाद उघडपणे सोडला आणि सौम्य आधारवाद स्वीकारला: धारणा मनात असताना तिच्या आशयाची जी जाणीव असते, ती वेगळ्या समर्थनाची वाट पाहत नाही. ज्या इमारतीसाठी कीर्ती मिळाली ती स्वतःच्या हाताने उतरवणारे विद्वान थोडे. त्यांतले ते एक.

१९९० नंतरचा टप्पा थोडक्यात सांगता येतो. मायामीच्या सुसान हाक यांनी १९९३ मध्ये शब्दकोडे पुढे केले: सूचना म्हणजे अनुभव, आधी भरलेले शब्द म्हणजे इतर धारणा, आणि उत्तर दोन्हींना जुळायला हवे. रटगर्स विद्यापीठाचे पीटर क्लाइन यांनी १९९९ मध्ये तिसरा, सर्वांनी टाकलेला रस्ता उचलला: कारणांची मालिका अनंत असू द्या, त्यात दोष काय? पर्स यांचा पाण्यातला त्रिकोण असा एकशे एकतीस वर्षांनी वर आला. २००५ मध्ये स्वीडनच्या एरिक ओल्सन यांनी ‘अगेन्स्ट कोहिरन्स’मध्ये संभाव्यतेच्या गणिताने दाखवले की, साक्षीदारांची हकीकत जुळण्याला किंमत येते ती प्रत्येकाला स्वतंत्र अशी थोडी तरी पत असेल तरच. मला हा निर्णायक मुद्दा वाटतो. ती थोडीशी पत म्हणजेच पाया, फार उथळ असला तरी. म्हणजे विजय आधारवादाचा झाला, पण निश्चिततेचा दावा गमावून. आणि लुईस यांचा साक्षीदार त्यांच्या खडकापेक्षा जास्त टिकला. कुमारिलाने तर खडक मागितलाच नव्हता. आरंभीचा विश्वास आणि बाधकाची शक्यता एवढ्यावर तो थांबला. आज अमेरिकेतले सौम्य आधारवादी जे म्हणतात, ते त्याच्यापासून फार लांब नाही.

हे नाते अमेरिकेत कोणी पाहिलेच नाही असे नाही. बिमल कृष्ण मतिलाल हार्वर्डला डॅनियल इंगल्स यांच्याकडे नव्यन्याय शिकत असताना क्वाइन यांचेही विद्यार्थी होते, आणि १९८६ च्या ‘परसेप्शन’ या ग्रंथात त्यांनी नागार्जुन आणि नैयायिकांचा वाद आजच्या भाषेत उभा केला. ऑस्टिनच्या स्टीफन फिलिप्स यांनी ते काम पुढे नेले. आपल्याकडे १९८३ मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांच्या पुढाकाराने संस्कृत पंडित आणि इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञ एकत्र बसले होते. विषय होता रसेल यांची विधानविषयक उपपत्ती, आणि ती चर्चा ‘संवाद’ नावाने १९९१ मध्ये ग्रंथरूपात आली. तशीच एक बैठक समर्थनाच्या प्रश्नावर व्हायला हवी, आणि तिचा वृत्तांत मराठीत निघायला हवा. तयारी म्हणून न्यायसूत्रांतला तराजूचा भाग वात्स्यायनभाष्यासह वाचावा, आणि त्यापाठोपाठ बॉन्जूर यांचे १९८५ चे पुस्तक व १९९९ चा निबंध, याच क्रमाने.